टाळ्या वाजवा, रील नको

चीनमध्ये गे क्लब आहेत, शनिवारी रात्री तिथं ड्रॅग शो, म्हणजे पुरुषांनी भडक स्त्रीवेशात केलेले नाचगाण्याचे कार्यक्रम होतात आणि त्यांना हाउसफुल्ल गर्दी असते, असं सांगितलं की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक, "बघा, आपण उगाच चीनला नावं ठेवतो." दुसरी, "काहीतरीच काय, तिथं असल्यांना उचलून आत टाकतात." पहिलं बोलणाऱ्यानं क्लबचा दरवाजा पाहिलेला असतो, परवाना पाहिलेला नसतो. दुसरं बोलणाऱ्यानं दोन्ही पाहिलेलं नसतं. आता भारतीयांना पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागलाय, ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानंही सुरू झालीत. त्यामुळे चेंगडू, शांघाय, ग्वांगझूला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींची पावलं या क्लबांकडे वळणार. ती जरूर वळावीत. जावं, पैसे मोकळेपणानं खर्च करावेत आणि फोन खिशातून बाहेर काढू नये, असं माझं म्हणणं आहे. यातला शेवटचा भाग कुणाला जुन्या वळणाचा वाटेल. पण तो पाळला नाही तर त्याची किंमत पाहुण्याला मोजावी लागत नाही, तिथं राहणाऱ्याला मोजावी लागते.

आधी कायद्याचं बघू. चीनमध्ये समलिंगी पुरुषांना पकडण्यासाठी 'गुंडगिरी' नावाचा एक मोघम गुन्हा वापरला जाई. १९९७ च्या नव्या फौजदारी कायद्यातून तो गेला. एप्रिल २००१ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला, म्हणजे वर्षं मोजायची तर चीन आपल्यापेक्षा २१ वर्षं पुढे. फक्त या दोन घटनांची जात वेगळी आहे. आपल्याकडे न्यायालयानं पानंच्या पानं लिहून हक्क मान्य केला आणि उद्या कुणी आडवा आला तर त्याच्यासमोर तो निकाल ठेवता येतो. चीनमध्ये एक गुन्हा यादीतून वगळला गेला, एवढंच. हक्क म्हणून हातात काही पडलं नाही. त्यानंतर सरकारी वर्तणुकीचं जे सूत्र लोकांच्या तोंडी बसलं ते असं: पाठिंबा नाही, विरोध नाही, प्रोत्साहनही नाही.

या सूत्राचा अर्थ गेल्या काही वर्षांत काय बंद पडलं आणि काय टिकलं यावरून कळतो. २००९ पासून भरणारा शांघाय प्राइड हा एलजीबीटी महोत्सव २०२० मध्ये थांबला. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठांमधल्या एलजीबीटी विद्यार्थी गटांची वीचॅट या समाजमाध्यमावरची खाती एका रात्रीत गेली. मे २०२३ मध्ये बीजिंगचं एलजीबीटी सेंटर बंद झालं. दुसरीकडे बीजिंगच्या वर्कर्स स्टेडियमजवळ २००४ मध्ये सुरू झालेला 'डेस्टिनेशन' हा गे क्लब दीड दशकाहून अधिक काळ चालत राहिला. जे व्याख्यानं ठेवतात, सभासदांच्या याद्या करतात, मागण्या मांडतात, त्यांच्यावर गदा येते. जे दारू विकतात आणि गाणी लावतात, ते तगतात. तगतात, पण कशाच्या बळावर, हे समजून घ्यायचं तर परवान्याकडे वळावं लागतं.

नाचगाण्याच्या जागांसाठी चीनमध्ये २००६ चे राष्ट्रीय नियम आहेत. रात्री २ ते सकाळी ८ धंदा बंद. अल्पवयीनांना प्रवेश नाही. खासगी खोल्यांना आतून कडी नको, आतलं सगळं दिसेल असं पारदर्शक दार किंवा खिडकी हवी, आडोसा नको. सीसीटीव्ही हवा आणि त्याचं चित्रण ३० दिवस जपून ठेवायला हवं. तिकीट लावून किंवा धंद्याचा भाग म्हणून कार्यक्रम करायचा तर संस्कृती खात्याची वेगळी मंजुरी, आणि कलाकार परदेशी असेल तर ती आणखी वरून. यातलं सगळं काटेकोर पाळणारा बार विरळाच. अनेक छोटे बार तर कागदोपत्री उपाहारगृहच असतात; त्यांनी कोपऱ्यात चार फुटांचा मंच टाकला की नियम मोडलाच. ही मोडतोड एरवी कुणी बघत नाही. शेजाऱ्यांची तक्रार, एखादी बातमी, एखादा व्हायरल व्हिडिओ, किंवा जवळ आलेला राजकीय सोहळा, यापैकी काही घडलं की मग अग्निशमनाची तपासणी होते, कागद मागितले जातात आणि दाराला कुलूप लागतं. कारण म्हणून समलैंगिकता कुठंही लिहिलेली नसते. जानेवारी २०१० मध्ये बीजिंगमधली 'मिस्टर गे चायना' स्पर्धा सुरू व्हायच्या थोडं आधी पोलिसांनी थांबवली, तेव्हाही सांगितलेलं कारण परवानगीची प्रक्रिया पाळली नाही हेच होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटायला हवं. २००५ मध्ये आपल्या सरकारनं डान्स बार बंद केले, ते न्यायालयात टिकलं नाही, मग २०१६ मध्ये असा कायदा आणला की बंदी नाही पण अटीच इतक्या की परवाना मिळूच नये. त्या अटींमध्येही सीसीटीव्ही होता. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती अट खासगीपणावर घाला म्हणून काढून टाकली. नोटा उधळायला मनाई ठेवली, हातात बक्षिसी द्यायला परवानगी दिली. म्हणजे परवान्याच्या आडून नीती शिकवायची युक्ती आपल्या राज्यकर्त्यांनाही उत्तम येते, त्या बाबतीत चीनकडे बोट दाखवण्याचा आपल्याला अधिकार नाही. फरक आहे तो दाद मागायच्या जागेत. चिनी न्यायालयं सगळीकडेच हात वर करतात असंही नाही: २०१४ च्या अखेरीस बीजिंगमधल्या एका न्यायालयानं समलैंगिकता 'बरी' करायला विजेचे झटके देणाऱ्या दवाखान्याविरुद्ध निकाल दिला होता. पण खासगी दवाखाना वेगळा आणि परवाना रोखून धरणारं खातं वेगळं. बारमालकांच्या संघटनेनं सरकारला चौदा वर्षं कोर्टात खेचावं, हे तिथं घडत नाही. बारमालक कुलूप बघतो, सामान उचलतो आणि जमलं तर दुसऱ्या इमारतीत दुसऱ्या नावानं सुरुवात करतो.

म्हणूनच पत्ते बदलत राहतात. चेंगडू हे चीनमधलं सर्वांत सैल, मोकळं शहर म्हणून नावाजलेलं. समलिंगी लोकांची राजधानी असं त्याला थट्टेनं आणि कौतुकानं दोन्ही म्हणतात. तिथंही गेल्या वर्षीच्या प्रवासलेखात वाचलेल्या पत्त्यावर जाऊन आज क्लब सापडेलच याची खात्री नाही. स्थानिक ओळखीच्या माणसाकडून त्याच दिवशी खात्री करून घ्यावी. रस्त्यावर पाटी दिसेलच असं नाही. व्यापारी इमारतीचा वरचा मजला किंवा तळघर, आणि लिफ्टपाशी उभा सुरक्षारक्षक. पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट करून ठेवला की टॅक्सीवाल्याला दाखवता येतो. रात्री अकराच्या सुमारास मेट्रो संपते, तेव्हा परतीला दीदी ही मोबाइलवरून मागवायची टॅक्सी, आणि ती अलिपे या पैसे भरायच्या ॲपमधूनच मागवता येते. अलिपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडून घ्या, ओटीपी इथं असतानाच येऊ द्या. २०० युआनच्या वरच्या प्रत्येक व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं. यूपीआयचा उपयोग नाही. रोख चालायला हवी, पण गर्दीच्या काउंटरवर सुटे कोण देणार? आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसानं तो बाळगावा असा कायदाच आहे, मोबाइलमधल्या फोटोनं भागत नाही.

दहाच्या आधी गेलात तर वेटर आणि तुम्ही. तिकीट असेल तर साधारण ५० ते १५० युआन, त्यात एक पेय. युआनचे ढोबळ १२-१३ रुपये धरा. बसायला टेबल हवं तर किमान खर्चाची अट असते, मंचाजवळच्या टेबलाला जास्त, शनिवारी आणखी जास्त, आणि हजार युआनची मर्यादा सहज ओलांडते. टेबलावर व्हिस्कीची बाटली, सोबत बाटलीबंद गोड ग्रीन टी, बर्फाची बादली, फळांची थाळी आणि फासे. फाशांचा थापेबाजीचा खेळ पाच मिनिटांत शिकता येतो आणि भाषा येत नसली तरी शेजारच्या टेबलाशी ओळख करून द्यायला त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. स्वस्त पॅकेजमधली व्हिस्की बनावट असण्याची शक्यता असते; शंका आली तर तुमच्यासमोर उघडलेली बिअर घ्या. आठ जणांनी मिळून दोन बिअर घेऊन मंचासमोर ठाण मांडणं मात्र सोडा. या जागेचं भाडं आणि कलाकारांची बिदागी याच बाटल्यांमधून निघते.

शो बहुधा साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये सुरू होतो. सूत्रसंचालक स्वतःच ड्रॅगमध्ये, आणि त्याची जीभ धारदार. चेंगडूत सिचुआनी या तिथल्या बोलीतले कमरेखालचे विनोद असतात, ते परक्याला कळत नाहीत; पुढच्या टेबलावरचा परदेशी हा त्यांचा हक्काचा बकरा, त्यामुळे हसायची तयारी ठेवा. एकेक कलाकार एखाददुसरं गाणं करतो, चार-पाच मिनिटांचं, बहुतेक वेळा ओठ हलवून. प्रेक्षकांतून काउंटरवर पैसे भरले की कलाकाराच्या गळ्यात हार पडतो आणि देणाऱ्याच्या टेबलाचा पुकारा होतो. दौलतजादा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हाराच्या पैशातला वाटा कलाकाराला मिळतो. तेव्हा आवडलं तर हार घाला, थेट अंगावर नोटा टाकू नका. क्लबच्या हिशेबाबाहेरचा पैसा म्हणून व्यवस्थापक कलाकारावरच डाफरतो.

या शोमध्ये अमेरिकी टीव्हीवरून आलेलं बरंच आहे: जीभ बाहेर काढून जमिनीवर आडवं पडणं, झटक्यात विग काढून खाली दुसरा विग दाखवणं, व्होगिंग या मॉडेलसारख्या पोझ घेत करायच्या नाचातले हात. पण लक्ष देऊन पाहिलं तर दुसरा एक थर दिसतो. कुणी चिपाव हा अंगाबरोबरचा चिनी झगा घालून हाताचं बोट असं वळवतं की ते नाचातून आलेलं नाही, ऑपेरातून, म्हणजे जुन्या चिनी संगीत नाटकातून आलंय हे कळतं. कुणी लांब पांढऱ्या बाह्या फेकतं. चेहऱ्यावर बघा: कपाळाच्या कडेला, विगच्या जाळीखाली दडवलेली पारदर्शक पट्टी असते, ती भुवईचं टोक वर ओढते. पीकिंग ऑपेरात हेच काम डोक्याला करकचून बांधलेली पट्टी करते. नवशिक्याला तिनं मळमळतं, ओकारी होते. गालाच्या कडेला केसांच्या बटा चिकटवून चेहरा अरुंद करायचा, त्यासाठी एल्म झाडाच्या लाकडाच्या सालपटांचा बुळबुळीत चीक वापरायचा, ही त्या स्त्रीभूमिकांची जुनी रीत. आज डिंकाची कांडी आणि टेप आहे. भुवया डिंकानं बसवायच्या, पावडर दाबायची, परत डिंक, परत पावडर, आणि त्यावर एक बोट वर नवी भुवई. घाईत पहिला थर ओला राहिला तर तिसऱ्या मिनिटाला घामानं खरी भुवई खालून डोकं वर काढते. बंद तळघरात, दिव्यांच्या उष्णतेत हे हमखास होतं.

पीकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारा मेई लानफांग (१८९४–१९६१) आणि आपले बालगंधर्व (१८८८–१९६७) जवळजवळ एका वयाचे. दोघांना राष्ट्राचं भूषण मानलं गेलं. मेई लानफांगनं १९१९ मध्ये जपानचा, १९३० मध्ये अमेरिकेचा दौरा केला. जपानी ताब्याच्या काळात स्त्रीभूमिका करायची वेळ येऊ नये म्हणून चक्क मिशा वाढवल्या. अलीकडे ली युगांग २००६ मध्ये सरकारी वाहिनीवरच्या स्पर्धेतून स्त्रीवेशातल्या गाण्यांसाठी देशभर गाजला. आणि त्याच देशात सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसारण नियामकानं 'बायकी' पुरुषांना पडद्यावरून हटवायचा आदेश काढला. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. पुरुषानं बाई होणं परंपरेच्या चौकटीत, जुन्या पोशाखात, पडदा पडल्यावर संपणारं असेल तर ते वारसा ठरतं. तेच आजच्या कपड्यात, आजच्या इच्छेसकट समोर आलं की विकृती ठरतं. आपणही बालगंधर्वांच्या नावानं पुण्यात रंगमंदिर बांधलं आणि तमाशातल्या नाच्याला आयुष्यभर हिणवलं. तळघरातला ड्रॅग कलाकार या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात उभा असतो. टीव्हीचा आदेश त्याला थेट लागू होत नाही, आणि वारशाचं छत्रही त्याच्या डोक्यावर नाही.

आता फोनकडे. चीनच्या फौजदारी कायद्याचं ३६५ वं कलम 'अश्लील प्रयोग' आयोजित करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, गंभीर प्रकरणात दहा वर्षांपर्यंत कैद देतं. अश्लील कशाला म्हणायचं हे स्थानिक अधिकारी ठरवणार. मंचावर कुणी मांडीपर्यंतचा चिपाव सोडून आतल्या चमचमत्या अंतर्वस्त्रांत नाचलं, पुढच्या रांगेतल्या पोराच्या मांडीवर बसलं, तर खोलीतल्या तीनशे लोकांसाठी तो विनोद असतो. तुमच्या पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये, शहराच्या नावासकट, तो पुरावा होतो. क्लबच्या सीसीटीव्हीचं चित्रण निदान क्लबच्या ताब्यात असतं. तुमचं नसतं. शिवाय मंचामागे, आरशात, शेजारच्या टेबलावर चेहरे असतात: शाळामास्तर, सरकारी बँकेतला कारकून, वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला गावी जाऊन मुली बघायचं नाटक करणारा एकुलता एक मुलगा. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेच्या १०१९ व्या कलमानुसार संमतीशिवाय माणसाची छबी घेणं आणि प्रसिद्ध करणं हे दोन्ही बेकायदा आहे. पण ज्याला लपायचंय तो तुमच्यावर खटला भरायला कसा येणार? २०२० मध्ये चेंगडूतला एक गाजलेला क्लब बंद झाला तो इंटरनेटवर त्याच्याविषयी आणि एचआयव्हीच्या लागणीविषयी मजकूर पसरल्यानंतर. पाठोपाठ बाकीच्यांवरही नजर गेली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. दिसल्याशिवाय काही बदलत नाही. लपून राहा म्हणणं म्हणजे सरकारचंच काम करणं. मुंबईतल्या क्विअर चळवळीनं मुखवटे घालून मोर्च्यात चालणाऱ्यांपासून उघड्या चेहऱ्यापर्यंत मजल मारली ती दिसूनच, हे खरं. पण तिथं कुणी दिसायचं, हे दिसणाऱ्यानं ठरवलं होतं. चिनी ड्रॅग कलाकार स्वतःही व्हिडिओ टाकतातच. डोउयिनवर, म्हणजे टिकटॉकच्या चिनी रूपावर, वेशांतराच्या, मेकअपच्या क्लिपांचा महापूर आहे. त्यात कुठला शब्द गाळायचा, कुठलं गाणं लावायचं, जागेचं नाव कसं लपवायचं याचं गणित त्यांना पक्कं माहीत असतं, कारण चुकलं तर भोगायचं त्यांनाच आहे. पाहुणा रविवारी विमानात बसतो. दुसऱ्याच्या जोखमीवर आपलं धाडस साजरं करण्याला मी एकजूट म्हणणार नाही.

उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो: असल्या क्लबात जाऊन पैसे देणं म्हणजे त्या गप्प राहण्याच्या सौद्याला हातभार लावणं. हा मला पोकळ वाटतो. केंद्रं बंद झाली, विद्यार्थी गट गेले, ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांच्या ओळखीचं ॲप २०२२ मध्ये ॲपलच्या चिनी स्टोअरमधून गेलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्लूड हे तसलंच चिनी ॲपही गेलं. उरलेल्या जागांमध्ये माणसं एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात, कुठं एचआयव्हीची चाचणी होते, कुणाला भाड्यानं खोली हवीय, हे तिथंच कळतं. गल्ला भरला नाही तर तीही जागा जाईल.

पाहुण्याला स्वतःला धोका कशाचा? समलिंगी असण्याचा जवळपास नाही. अमली पदार्थांचा मात्र पूर्ण आहे, आणि याबाबत चिनी पोलिस गे क्लब आणि इतर क्लब असा भेद करत नाहीत. छापा पडला की संगीत थांबतं, दिवे लागतात, दार बंद होतं आणि सगळ्यांच्या लघवीची, कधी केसांची तपासणी होते. केसांमध्ये काही महिन्यांपूर्वीचं सेवनही सापडतं, म्हणजे आधीच्या सुट्टीत दुसऱ्या देशात ओढलेला गांजाही अंगाशी येऊ शकतो. दहा ते पंधरा दिवसांची कोठडी आणि परदेशी असाल तर हकालपट्टी. दुसऱ्याची ई-सिगारेट ओढू नका: एटोमिडेट नावाचं भुलीचं औषध त्यात मिसळण्याचं प्रस्थ वाढलं म्हणून १ ऑक्टोबर २०२३ पासून ते नियंत्रित यादीत आलंय. ॲपवर ओळख झालेला माणूस स्वतःच हट्टानं एखाद्या अनोळखी बारमध्ये नेऊ लागला तर मेन्यूवरचे दर पाहिल्याशिवाय बसू नका. बिल फुगवून कमिशन खाणारे दलाल हा तिथला जुना धंदा आहे.

आणि भारतातून जाणाऱ्या ड्रॅग कलाकारांसाठी एक सूचना. सूत्रसंचालकानं आग्रहानं मंचावर बोलावलं, "एक बॉलिवूड होऊन जाऊ दे" म्हटलं, तर मोह आवरा. मानधन किंवा हाराचे पैसे घेतले तर पर्यटक व्हिसावर ते बेकायदा काम धरलं जाऊ शकतं. त्याला ५ ते २० हजार युआन दंड आणि गंभीर मानलं गेलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडी आहे. परदेशी कलाकाराला विनापरवाना मंच दिला म्हणून क्लबवर येईल ते वेगळंच.

शो संपल्यावर कलाकार खाली उतरून टेबलांमधून फिरतात. फोटोसाठी एखादा स्वतःहून तुमच्याजवळ उभा राहिला तर खुशाल काढा. त्याच्याच फोनवर काढा, तो पाठवेल तेव्हा आणि पाठवेल तेवढाच घ्या.